आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकचा ईएससी तापतोय? नवा मागवण्याआधी हे तपासा

ट्रक मैदानात छान पळत असतो. आठ-दहा मिनिटांनी जोर कमी होतो आणि मग तो जागीच थांबतो. स्टिअरिंग चालतं, ईएससीवरचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डब्यावरचा) दिवा लुकलुकतो, पण ट्रिगर कितीही ओढला तरी चाक हलत नाही. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. बॉडी काढून हीटसिंकला बोट लावलं तर चटका बसतो.

अशा वेळी नवखी माणसं बहुधा वर आणखी एक पंखा बसवतात, नाहीतर जास्त अँपिअरचा नवा ईएससी मागवतात. बऱ्याचदा हे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं होतं. उष्णता ईएससीत दिसते, पण तिचं कारण पिनियनच्या (मोटरवरच्या लहान दातेरी चाकाच्या) दातांत, मोठ्या टायरमध्ये, अडकलेल्या बेअरिंगमध्ये किंवा सैल कनेक्टरमध्ये असतं. ते तसंच ठेवून नवा ईएससी बसवला तर तोही तापतो. म्हणून खालच्या क्रमाने जा. आधीच्या पायऱ्यांना फारसे पैसे लागत नाहीत आणि बहुतेक ट्रक तिथेच दुरुस्त होतात.

ईएससी मुळात तापतो का?

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसलेला हा डबा सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो आणि त्यातून मोटरला हवा तेवढाच जोर देतो. हे चालू-बंद करण्याचं काम आतले मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, करतात. करंट वाहत असताना त्यांचा थोडासा रेझिस्टन्स आड येतो, त्याची उष्णता होते. शिवाय प्रत्येक चालू-बंदला थोडी उष्णता वेगळी.

इथे एक हिशोब डोक्यात पक्का बसवा. रेझिस्टन्समुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. समजा मॉसफेटच्या वाटेत एकूण 2 मिलीओहम रेझिस्टन्स आहे. 30 अँपिअरला तिथे 1.8 वॅट उष्णता होते. करंट दुप्पट, म्हणजे 60 अँपिअर झाला की 7.2 वॅट, म्हणजे चौपट. त्यामुळे ट्रकवरचा भार थोडा जरी कमी केला तरी तापमान चांगलंच उतरतं. पंखा झालेली उष्णता फक्त वाहून नेतो, ती होऊ न देणं त्याच्या हातात नसतं.

दुसरी गोष्ट अर्ध्या थ्रॉटलची, म्हणजे ट्रिगर अर्धाच ओढण्याची. हळू चालवलं की ईएससी गार राहील असं सगळ्यांनाच वाटतं. पण कमी थ्रॉटलवर ईएससी बॅटरीचं व्होल्टेज उतरवून मोटरला देत असतो आणि त्या प्रमाणात मोटरकडचा करंट वाढतो. बॅटरीतून 10 अँपिअर निघत असतील आणि थ्रॉटल साधारण 20 टक्के असेल, तर मोटरच्या वायरींतून 50 अँपिअरच्या आसपास वाहू शकतात. उंच गवतात किंवा चढावर ट्रक हळूहळू रेटत नेला की ईएससी सुसाट पळवण्यापेक्षा जास्त तापतो, तो यामुळे.

पायरी 1: थांबण्याचं कारण उष्णताच आहे ना?

ट्रक तीन कारणांनी थांबतो: ईएससी तापला, बॅटरी उतरली किंवा रिमोटचा सिग्नल तुटला. पहिल्या दोन कारणांत स्टिअरिंग चालू राहतं, म्हणून घोटाळा होतो.

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी वाचवण्यासाठी ईएससीत लो-व्होल्टेज कटऑफ असतो, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की मोटर बंद करण्याची सोय. तो साधारण दर सेलला 3.2 व्होल्टच्या आसपास लागू होतो, म्हणजे 2एस (दोन सेलच्या) बॅटरीला 6.4 व्होल्ट. जुनी किंवा कमी सी-रेटिंगची (कमी करंट देऊ शकणारी) बॅटरी जोरात ओढली की व्होल्टेज क्षणभर तेवढं खाली जातं आणि ट्रक गचके खातो. थोडं थांबलं की व्होल्टेज परत चढतं, ट्रक पुन्हा पळतो आणि माणसाला वाटतं की गार झाल्यामुळे चालू झाला.

ओळखायचं कसं? ट्रक थांबल्याबरोबर, गार होण्याची वाट न पाहता, दुसरी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावा. लगेच पळाला तर दोष बॅटरीचा. तरीही हलला नाही तर उष्णताच. दुसरी बॅटरी नसेल तर दिव्याचा इशारा बघा. कटऑफचा आणि उष्णतेचा इशारा बहुतेक ईएससींत वेगळा असतो आणि मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. हॉबीविंग कंपनीच्या बऱ्याच ईएससींत आतलं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की जोर कमी केला जातो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या.

आणखी एक. उष्णतेने ट्रक थांबतो म्हणजे ईएससीची सुरक्षा व्यवस्था शाबूत आहे. पण रोज त्या टोकाला नेऊन थांबवलं तर आतल्या कपॅसिटरचं आयुष्य झपाट्याने घटतं. करपट वास आला किंवा लायपो जराही फुगलेली दिसली तर बॅटरी ताबडतोब काढा आणि पुढच्या चाचण्या त्या बॅटरीवर करू नका.

पायरी 2: बोटाने नाही, आकड्याने मोजा

बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. या छंदात तेवढी एक वस्तू लवकर घेतलेली बरी. बोटाला 60 अंशही असह्य होतात आणि 90 अंशही, त्यामुळे बोटाने फरक कळत नाही.

मोजताना एक फसगत होते. चकचकीत ॲल्युमिनिअमवर इन्फ्रारेड थर्मामीटर खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतं, कारण असा पृष्ठभाग उष्णतेचे किरण फार थोडे सोडतो. म्हणून हीटसिंकच्या आणि मोटरच्या उघड्या धातूवर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा आणि नेम त्यावर धरा. थर्मामीटर अगदी जवळ न्या, नाहीतर शेजारच्या प्लास्टिकचं तापमानही त्यात मिसळतं.

चाचणी नेहमी एकाच पद्धतीने करा: तीच जागा, तीच बॅटरी, सुरुवातीला पूर्ण चार्ज. तीन मिनिटं चालवा, थांबवा आणि लगेच चार ठिकाणी मोजा: ईएससीचं हीटसिंक, मोटरचा डबा, बॅटरीचा कनेक्टर आणि स्वतः बॅटरी. दोन मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण पंख्याची आणि धावण्याची हवा थांबली की आतली उष्णता बाहेर येते आणि आकडा चढतो. हे सगळं वहीत लिहून ठेवा. दोन बदल एकदम केले तर कशाचा उपयोग झाला ते कधीच कळणार नाही, म्हणून एका वेळी एकच बदल करा.

हीटसिंक 70 अंशांपर्यंत असेल तर काळजी नको. 80 च्या पुढे गेलं तर थांबा. मोटरसाठीही साधारण 80 ही सावधगिरीची रेघ समजा. लायपो 60 च्या वर जाता कामा नये, आणि 50 ला पोचली तरी तिच्यावर ताण आहे असं धरून चाला.

आता आकडे एकत्र वाचा. निम्मं निदान इथेच होतं.

ईएससी आणि मोटर दोन्ही तापत असतील तर ट्रकवर भार जास्त आहे: गिअर, टायर किंवा कुठेतरी अडकतंय. पायरी 3 आणि 4 तुमच्यासाठी.

मोटर कोमट आणि ईएससीच तापलेला असेल तर कनेक्टर, सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर), सेटिंग किंवा खुद्द ईएससीकडे बघा. पायरी 5 पासून पुढे.

मोटर खूप तापलेली आणि ईएससी ठीक असेल तर मोटरची तपासणी करा. ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर एकदा फार तापली की आतल्या रोटरचं चुंबक कमजोर होतं. अशी मोटर मोकळी फिरवली तर पूर्वीपेक्षा जास्त वेगाने फिरते, पण तेवढ्याच जोरासाठी जास्त करंट ओढते. दिसायला धडधाकट असल्यामुळे तिच्यावर संशय जात नाही. हळूहळू ती ईएससीलाही ओढत नेते.

पायरी 3: गिअर आणि टायर

माझ्या मते तापणाऱ्या ट्रकचं सर्वांत मोठं कारण हे. वेग वाढवायचा म्हणून कोणीतरी मोठा पिनियन बसवलेला असतो, किंवा दिसायला झकास म्हणून मोठे टायर. कधी दोन्ही.

मोटरच्या दांड्यावरचं लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन आणि त्याला लागलेलं मोठं दातेरी चाक म्हणजे स्पर. पिनियन मोठा केला की टॉप स्पीड वाढतो, पण मोटरला प्रत्येक फेरीत जास्त ओझं ओढावं लागतं. सायकल वरच्या गिअरवर ठेवून घाट चढायला घेतला तर मांड्यांचं जे होतं तेच इथे मोटरचं आणि ईएससीचं होतं.

आकड्यांत बघू. ट्रॅक्ससच्या स्लॅश 4×4 ला कंपनीकडून 13 दातांचा पिनियन आणि 54 दातांचा स्पर येतो. पुढे डिफरन्शियलकडचं प्रमाण 2.85. म्हणजे 54 ला 13 ने भागून 2.85 ने गुणलं की 11.84 मिळतं: मोटर जवळपास 12 वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. हा अंतिम गिअर रेशो. पिनियन 11 दातांचा केला तर तो 14 होतो. आकडा जितका मोठा तितकं मोटरवरचं ओझं कमी. फक्त दोन दात, पण ओझ्यात सुमारे 15 टक्क्यांचा फरक. करंटच्या वर्गाचा नियम आठवा, म्हणजे तापमानावर याचा किती परिणाम होईल ते लक्षात येईल.

टायरचंही तसंच. 110 मिलिमीटर व्यासाच्या टायरऐवजी 140 चा लावला तर एका फेरीत 27 टक्के जास्त अंतर कापावं लागतं. पिनियनला हात न लावता गिअर 27 टक्के वर नेल्यासारखं झालं. जुना हिशोब परत आणायचा तर 13 दातांचा पिनियन 10 वर आणावा लागेल. शिवाय मोठा टायर जड असतो, आणि प्रत्येक वेळी वेग घेताना ते वजन फिरवावं लागतं ते वेगळंच.

2एस वरून 3एस वर जाताना तर पिनियन लहान करणं जवळपास सक्तीचंच समजा. 3500 केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला 3500 फेरे घेणारी) मोटर 7.4 व्होल्टला मिनिटाला सुमारे 25,900 फेरे घ्यायला बघते, 11.1 व्होल्टला 38,850. त्याच गिअरवर दीडपट वेग म्हणजे हवेचा आणि जमिनीचा विरोध कितीतरी जास्त.

करायचं काय? स्पर तसाच ठेवून पिनियन दोन दातांनी लहान करा. नवा पिनियन त्याच पिचचा, म्हणजे त्याच मापाच्या दातांचा, हवा: 48 पिचच्या स्परला 32 पिचचा पिनियन बसवला तर दात तासले जातात. मोटरच्या दांड्याची जाडीही मोजून घ्या. ट्रकच्या मॅन्युअलमध्ये बहुधा गिअरचा तक्ता असतो, त्यातल्या तुमच्या बॅटरीच्या रकान्याबाहेर जाऊ नका.

पिनियन बसवताना दोन दातेरी चाकांमध्ये किंचित फट हवी. त्यासाठी वहीच्या साध्या कागदाची पट्टी दोन्ही चाकांमध्ये घाला, मोटर स्परकडे दाबून स्क्रू आवळा आणि मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या स्वच्छ घड्या पडलेल्या दिसल्या पाहिजेत. ती फाटली तर चाकं फार जवळ आहेत. घड्या अंधुक असतील तर फार लांब. हे स्परच्या तीन-चार जागी करून बघा, कारण प्लास्टिकचा स्पर कधीकधी किंचित वाकडा असतो आणि एका बाजूला मोकळा तर दुसऱ्या बाजूला घट्ट लागतो. ग्रब स्क्रू (पिनियन दांड्यावर घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) दांड्याच्या सपाट बाजूवर आला पाहिजे आणि त्याला थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा गोंद) लावायला विसरू नका.

पायरी 4: कुठे काही अडकतंय का?

बॅटरी काढा. मोटरचे स्क्रू सैल करून ती स्परपासून दूर सरकवा. ट्रक डब्यावर ठेवा, चारही चाकं अधांतरी राहू द्या. आता एकेक चाक हाताने फिरवा. थोडा वेळ फिरत राहिलं तर ठीक. दोन बोटं उचलताच थांबलं, किंवा फिरताना वाळू दळल्यासारखा आवाज आला, तर त्या कोपऱ्यात काम आहे.

चाक काढून फक्त ॲक्सल फिरवून बघा. मोकळा फिरतोय का? मग चाकाचा नट जास्त आवळला होता. तरीही जड असेल तर बेअरिंग काढा. स्लॅशसारख्या ट्रकमध्ये चाकापाशी 5×11×4 मिलिमीटरची बेअरिंग असतात, स्वस्त असतात, ती धूत बसण्यापेक्षा बदलून टाका. ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यात केस, दोरा किंवा गवत गुंडाळलेलं सापडतं, ते चिमट्याने काढा. मोटरचा दांडाही बोटाने फिरवा. ब्रशलेस मोटरला चुंबकाचे हलके टप्पे लागतात, ते नैसर्गिक आहे. पण खरखर लागली किंवा दांडा आजूबाजूला हलला तर मोटरचं बेअरिंग गेलं.

पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रक चालवणाऱ्यांनी चाकाच्या आतली बाजू जरूर बघावी. चिखल तिथे थरावर थर बसतो, चाक जड होतं आणि वाळल्यावर तो चिखल सस्पेन्शनच्या दांड्याला घासायला लागतो. बाहेरून टायर स्वच्छ दिसतो, म्हणून हे सुटतं.

ब्रश असलेली मोटर असेल तर कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याचा गोल भाग) बघा. झिजून आखूड झालेला ब्रश, काळाकुट्ट किंवा खरवडलेला कॉम्युटेटर, आत साठलेली कार्बनची भुकटी, यातलं काहीही सापडलं तर ती मोटर विनाकारण जास्त करंट खात असते. बंद डब्याची मोटर असेल तर बदलणं हाच उपाय.

पायरी 5: कनेक्टर आणि सोल्डर

मोटर गार आणि ईएससी गरम असेल तर पहिला संशय इथे घ्या. ईएससीच्या पाटीवर जिथे जाड वायरी झाळलेल्या असतात, तिथे सांधा कच्चा असेल तर उष्णता थेट पाटीत शिरते.

सांध्याला फक्त 5 मिलीओहम रेझिस्टन्स असला तरी 60 अँपिअरला तिथे 18 वॅट उष्णता तयार होते. घरी वापरतो ती लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. म्हणजे ईएससीला एक छोटी सोल्डरिंग आयर्न कायमची चिकटवून ट्रक पळवल्यासारखं झालं. साध्या मल्टीमीटरवर एवढा लहान रेझिस्टन्स दिसत नाही, म्हणून इथे तापमानच मोजायचं. ट्रक थांबवल्याबरोबर प्रत्येक कनेक्टरवर थर्मामीटर धरा. जो शेजारच्या वायरीपेक्षा गरम, तो दोषी.

चांगला सांधा गुळगुळीत असतो आणि सोल्डर वायरीच्या तारांत झिरपलेलं दिसतं. नुसता गोळा वर बसलेला, कडेला फट, हा कच्चा सांधा. बुलेट कनेक्टर ओढताना सहज निघत असेल तर त्याची पकड गेली आहे, तो बदला. प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं दिसलं तर दोन्ही बाजूंचे कनेक्टर बदला, एकच बदलून भागत नाही. पांढऱ्या प्लास्टिकचा जुना टामिया कनेक्टर 3एस ब्रशलेसच्या करंटसाठी नाही, त्याजागी एक्सटी60 किंवा डीन्स प्रकारचा कनेक्टर झाळा. बॅटरी बाजूचं काम करताना एका वेळी एकच वायर उघडी करा. लायपोच्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर क्षणात ठिणगी आणि इजा होते.

ब्रशलेसच्या तीन वायरींपैकी एखादी सैल असेल तर ट्रक निघताना थरथरतो, पुढेमागे हिसके देतो. हे दिसलं की ट्रिगर लगेच सोडा. अशा अवस्थेत ईएससीचे उरलेले मॉसफेट काही सेकंदांत जळू शकतात.

वायरींच्या लांबीबद्दलही सांगतो. बॅटरी आणि ईएससीमधली वायर लांब केली की ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो आणि ते तापतात. वायर कमी पडत असेल तर मोटरकडची लांब करा, बॅटरीकडची आहे तेवढीच ठेवा. आणि कपॅसिटरवर नजर टाका: टोक सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर तो गेला. तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा, त्याच क्षमतेचा, लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेल्या) प्रकारचा बसवा आणि धन-ऋण बाजू दोनदा तपासा.

पायरी 6: सर्व्होचा छुपा भार

हे कारण सहसा सुचत नाही. स्टिअरिंगच्या सर्व्होला आणि रिसीव्हरला वीज ईएससीतूनच मिळते. त्या भागाला बीईसी म्हणतात. काही स्वस्त ईएससींत तो लिनिअर प्रकारचा असतो, म्हणजे बॅटरीचं जादा व्होल्टेज तो उष्णता करून घालवतो. 3एस बॅटरी पूर्ण चार्ज असताना 12.6 व्होल्ट, सर्व्होला हवेत 6. मधले 6.6 व्होल्ट जळतात. सर्व्होने 2 अँपिअर ओढले तर 13 वॅट उष्णता ईएससीच्या आत, आणि मोटर अजून हललेलीही नाही!

चाचणी सोपी आहे. ट्रक डब्यावर ठेवा, चालू करा, थ्रॉटलला हात लावू नका. फक्त स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे करत तीन-चार मिनिटं थांबा. ईएससी यानेच गरम झाला तर कारण सापडलं. चाक पूर्ण वळवून धरल्यावर सर्व्हो गुणगुणत राहत असेल तर तो अडलेल्या जागी जोर लावतोय आणि करंट ओढतोय. रिमोटवरून स्टिअरिंगचा शेवट, म्हणजे ईपीए किंवा ड्युअल रेट, गुणगुण थांबेपर्यंत कमी करा. मोठा ताकदवान सर्व्हो लावला असेल तर त्याला वेगळा बाहेरचा बीईसी द्या आणि ईएससीकडून रिसीव्हरला येणारी मधली लाल वायर वेगळी करून टेप लावा.

पायरी 7: सेटिंग

आधी थ्रॉटल कॅलिब्रेट करा. रिमोटचा पूर्ण थ्रॉटल ईएससीला पूर्ण वाटला नाही तर तो कायम 90 टक्क्यांवर चालू-बंद करत राहतो आणि विनाकारण तापतो. न्यूट्रल चुकला असेल तर ट्रिगर सोडल्यावरही ब्रेक किंचित लागलेला राहतो. पद्धत मॅन्युअलमध्ये असते, दोन मिनिटांचं काम आहे. कॅलिब्रेशननंतर रिमोटच्या थ्रॉटल ट्रिमला हात लावू नका.

ब्रशलेस ईएससीत टायमिंग (मोटरला करंट किती आधी द्यायचा ते) सर्वांत खाली आणा, पंच (निघताना लागणारा जोर) मध्यम ठेवा, ड्रॅग ब्रेक (ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) शून्य करा. टायमिंग वाढवलं की थोडा वेग मिळतो, पण मोबदल्यात उष्णता येते. तापणाऱ्या ट्रकला ते परवडत नाही.

पायरी 8: पंखा आणि हवा

आता पंख्याची पाळी. तो फिरतोय का, पात्यांत केस अडकलेत का, हवा हीटसिंकवर येते का ते बघा. नवा पंखा घेताना व्होल्टेज जुळवा: 5 व्होल्टचा पंखा थेट 3एस बॅटरीवर लावला तर जळतो. बॉडीला मागच्या काचेत मोठं भोक पाडा, पुढून हवा शिरून मागून बाहेर पडली पाहिजे. पाणी शिरू नये म्हणून ईएससीवर फुगा किंवा प्लास्टिक गुंडाळलं असेल तर आधी ते काढा.

बाहेरचं हवामानही हिशोबात धरा. पुण्यात जानेवारीच्या सकाळी 18 अंशांत जो ईएससी 65 दाखवतो, तो हवेपेक्षा 47 अंश वर आहे. तोच ट्रक तसाच मे महिन्यात अकोल्याला 43 अंशांत पळवला तर 90 ला पोचेल. विदर्भात उन्हाळ्यात खेळायचं तर सकाळी लवकर जा, पिनियन एक-दोन दातांनी लहान ठेवा आणि दोन बॅटऱ्यांमध्ये वीस मिनिटं विश्रांती द्या. लायपो बंद गाडीत ठेवून जाऊ नका.

पायरी 9: ईएससी खरंच लहान पडतोय का?

इथपर्यंत येऊनही आकडा उतरला नाही, तर ईएससीची मर्यादा बघा. ट्रॅक्ससचा एक्सएल-5 ब्रश मोटरसाठी आहे: 540 आकाराची मोटर 15 टर्न (आतल्या तारेचे वेढे) किंवा जास्त, 550 आकाराची 12 टर्न किंवा जास्त, आणि बॅटरी 2एस पर्यंतच. टर्न जितके कमी तितकी मोटर जास्त करंट ओढते, त्यामुळे इथे लहान आकडा म्हणजे जास्त भार. ब्रशलेसला ही मर्यादा केव्हीमध्ये दिलेली असते, आणि 2एसला वेगळी, 3एसला वेगळी. बरेच जण फक्त पाकिटावरचे अँपिअर बघतात. तो आकडा चांगली हवा मिळत असतानाचा असतो, मोटरची मर्यादा जास्त भरवशाची.

मर्यादेच्या आत असूनही एकटा ईएससीच तापत असेल तर आत बिघाड आहे. एखादा मॉसफेट अर्धवट गेला असेल, किंवा हीटसिंकखालचा थर्मल पॅड सुटला असेल. पॅड किंवा पेस्ट नवी घालता येते. मॉसफेटच्या दुरुस्तीच्या फंदात नवख्याने पडू नये.

नवा घ्यायचाच तर 1/10 आकाराच्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकसाठी 3एसवर 120 अँपिअरच्या वर्गातला बघा, त्यात लिनिअर नव्हे, स्विचिंग प्रकारचा बीईसी असल्याची खात्री करा. बसवल्यावर पहिली बॅटरी पूर्ण संपवू नका. कॅलिब्रेट करा, तीन मिनिटं चालवा, चारही ठिकाणी मोजा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा. मोटरचा आकडा पूर्वीइतकाच आला तर पायरी 3 वर परत जा, पिनियन अजून मोठाच आहे.